पगार वाढवला, तरी माणसं का गेली?

प्रश्न असा आहे: नाशिकला आमचं ५० खुर्च्यांचं शाकाहारी फॅमिली रेस्टॉरंट आहे. स्टाफ १४ जणांचा. गेल्या वर्षभरात १९ जण सोडून गेले. दिवाळीच्या तोंडावर सगळ्यांचा पगार सरसकट २,००० रुपयांनी वाढवला, तरी पाडव्यानंतरच्या पंधरवड्यात चार जण गेले: दोन वेटर, एक तंदूरवाला आणि एक मोरीवाला. पगार वाढवल्याने माणसं खरंच टिकतात का? की हे पैसे पाण्यात गेले? आणि वाढवायचाच असेल तर आधी कुणाचा?

पैसे पाण्यात गेलेले नाहीत. पण ते तुम्ही सरसकट दिलेत आणि दिवाळीत दिलेत, या दोन्ही गोष्टी नडल्या. पगार बाजारभावाच्या खाली असेल तर माणूस जाणारच, मग तुम्ही त्याला कितीही मायेने वागवा. बाजारभावाला पोचलात की पुढे नुसता आकडा चालत नाही. पैसे कोणत्या तारखेला हातात पडतात, ते किती तासांचे आहेत, शेजारच्याला किती मिळतात आणि पुढच्या वर्षी माझे किती होणार, या चार गोष्टींवर तो थांबायचं की नाही ते ठरवतो.

मी पुण्यात २४ वर्षं या धंद्यात आहे. सासऱ्यांच्या हॉटेलात सुरुवातीला फक्त पगाराची वही लिहायचे. आज दोन हॉटेलं आणि चाकणच्या एका कारखान्याचं कँटीन, मिळून ४६ माणसं आहेत. वही अजून मीच लिहिते, दुसऱ्या कुणाला देत नाही. खाली जे सांगते आहे ते बहुतेक त्या वहीतलं आहे.

आधी तुमचा १९ हा आकडा. १४ माणसांत १९ गेले म्हटल्यावर अख्खा स्टाफ बदलला असं वाटतं. तसं नसणार. एक कागद घ्या आणि गेलेल्यांची नावं जागेप्रमाणे लिहा: मोरी, हेल्पर, तंदूर, चायनीज, वेटर, काउंटर. नावासमोर किती दिवस टिकला ते लिहा, आणि कुणाच्या हाताखाली होता तेही. मी २०१४ साली पहिल्यांदा असा कागद केला, तेव्हा वर्षात गेलेल्या २२ जणांपैकी ९ जण एकट्या मोरीवरचे निघाले. त्यातल्या सात जणांनी तीन महिनेही पुरे केले नव्हते. त्याच वर्षी आमचे नऊ जुने लोक जागचे हललेही नव्हते. मी तोवर सगळीकडे ‘आमच्याकडे स्टाफ टिकत नाही’ असं सांगत फिरत होते. गळती एका जागेवर होती आणि मी सगळ्या घराचं छप्पर बदलायला निघाले होते.

मोरीवर माणूस का टिकत नाही? कारण सगळ्यात कमी पगार तिथे. ‘भांडी काय, कुणीही घासतं’ हा त्यामागचा हिशेब. पण मोरीवाला एक दिवस आला नाही तर काय होतं ते आठवा. रात्री साडेनऊला ताटं संपतात, कॅप्टन दोन वेटरना मागे पाठवतो, ते बाह्या सरसावून खरकट्यात हात घालतात. असं आठवड्यात दोनदा झालं की तो वेटरही दुसरीकडे चौकशी करायला लागतो. तुमचा मोरीवाला आणि दोन वेटर एकाच पंधरवड्यात गेले, त्यात कुणी आधी आणि कुणी नंतर, ते तपासा. मोरीवाला आधी गेला असेल तर मला नवल वाटणार नाही.

आम्ही मोरीचा पगार हेल्परच्या बरोबरीला आणला. तेव्हा सासरे नाराज झाले होते. तरीही पुढच्या पावसाळ्यात एक मुलगा, नांदेडकडचा, ऑफिसात आला आणि जातो म्हणाला. मी पगाराचं विचारलं. त्याने काही न बोलता दोन्ही हात पुढे केले. बोटांच्या बेचक्यांतली कातडी पांढरी पडून सोलली होती, चिखल्या होतात तशी. “ताई, पैसे चांगले आहेत, पण हाताने जेवता येत नाही,” म्हणाला. तो नीट जेवू शकत नव्हता आणि त्याच्यासमोर रोज चारशे माणसांची खरकटी ताटं येत होती. ही गोष्ट मला अजून बोचते. त्या आठवड्यात कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे, गमबूट आणि गरम पाण्याची तोटी आली. सगळं मिळून खर्च त्याच्या एका पगाराइतकाही नव्हता. तो मुलगा पुढे सहा वर्षं होता, जाताना साऊथ सेक्शनला होता. बाजारभावाखालचा पगार माणूस घालवतो, पण बाजारभावाचा पगार सोललेल्या हातांची भरपाई करत नाही.

आता तुमचे दोन वेटर. तुम्ही बहुधा म्हणत असाल की दोन हजार वाढवून दिले आणि हे कमी पगारावर कुठेतरी गेले. कमी पगारावर का जातात, याचं उत्तर तासांत आहे. वेटरला १६,००० देता असं धरू. महिन्यात दोन सुट्ट्या, सकाळी ११ ते रात्री ११. २८ दिवस गुणिले १२, म्हणजे ३३६ तास. तासाला ४८ रुपयेसुद्धा पडत नाहीत. तोच मुलगा अंबड किंवा सातपूरच्या कारखान्यांत ठेकेदाराकडे १४,५०० वर लागला असं समजा: २६ दिवस, ८ तास, एकूण २०८ तास. तासाला जवळपास ७० रुपये. तुम्ही म्हणाल, राहणं-जेवण आमचं आहे. बरोबर आहे, त्याचे ५,००० धरा. २१,००० भागिले ३३६ केलं की साडेबासष्ट येतात. तरीही कमीच. दुपारचे तीन तास मोकळे असतात हेही म्हणाल. पण रूम हॉटेलच्या माळ्यावर असेल तर ते तास त्याचे नसतात. भाजीचा टेम्पो आला की हाक त्यालाच जाते.

हा भागाकार तो मुलगा कागदावर करत नाही, पण अंगाने करतो. संध्याकाळी सहाला सुटून मित्रासोबत चहाच्या टपरीवर उभा राहिलेला गावचा पोरगा त्याला दिसतो. डिलिव्हरीच्या गाडीवरचे पोरगे तर रोज तुमच्याच काउंटरवर पार्सल घ्यायला येतात आणि उभ्या उभ्या काय मिळतं ते सांगून जातात.

दुसरी गोष्ट टिपची, आणि ही मालकाला दिसतच नाही. पूर्वी बिल रोख यायचं, सुटे पैसे बडीशेपेच्या वाटीत परत जायचे आणि त्यातले वीस-तीस रुपये तिथेच राहायचे. आता गिऱ्हाईक ७४० चं बिल ७४० ला स्कॅन करतं आणि उठतं. त्यात गिऱ्हाईकाचा दोष नाही, सुटे पैसेच मधून गेले. आमच्या एका जुन्या वेटरने २०१९ मध्ये मला त्याची छोटी डायरी दाखवली होती. २०१६ च्या मे महिन्यात त्याला टिप मिळाली होती ५,८००, २०१९ च्या मे महिन्यात २,९००. मधल्या तीन वर्षांत मी त्याचा पगार अडीच हजारांनी वाढवला होता आणि माझ्या मते मी त्याचं भलं केलं होतं. त्याच्या डायरीत तो ४०० रुपयांनी मागे गेला होता, शिवाय रूमवरचा खर्च वाढला होता तो वेगळा.

यावर काही जण सर्व्हिस चार्ज लावा म्हणतात. बिलात आपोआप सर्व्हिस चार्ज जोडायला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये मनाई केली आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ती उचलून धरली. त्या वाटेला जाऊ नका. आम्ही बिलाच्या फोल्डरमध्ये टिपसाठी वेगळा क्यूआर ठेवला, तो वेगळ्या खात्याला जोडलेला आहे. सोमवारी रात्री शटर अर्धं ओढलं की स्टीलचा डबा टेबलावर उपडा होतो, खात्यातली रक्कम मोठ्याने वाचली जाते आणि वाटणी सगळ्यांसमोर होते: शंभरातले ६० वेटरना, ३० किचनला, १० मोरीला. मालकाने त्यातला रुपया धरायचा नाही, फुटलेल्या ग्लासाचे पैसेसुद्धा त्यातून कापायचे नाहीत. पहिल्या महिन्यात वेटर कुरकुरले. पण तवा सांभाळणारा पोरगा आता टेबल सात वर डोसा गरम जावा म्हणून स्वतः हाक मारतो, आणि त्याचा फायदा वेटरच्याच डब्यात पडतो हे त्यांना दिसलं.

तंदूरवाल्याचं प्रकरण निराळं आहे. वेटरचा बाजार नाशिक शहरात असतो. तंदूरवाला, चायनीजवाला, डोसेवाला या कारागिरांचा बाजार फोनवर असतो, आणि तो मुंबई, पुणे, सुरत, गोवा असा पसरलेला असतो. गढवालचा असेल तर गावातली निम्मी पोरं कुठल्या ना कुठल्या भट्टीवर असतात, एका फोनवर चार ठिकाणचे भाव कळतात. शिवाय दिवाळीनंतर गोव्याचा सीझन भरात येतो, तिथली हॉटेलं त्याच सुमाराला कारागीर उचलतात. तुमच्या दोन हजारांच्या वर त्याला कुणीतरी चार सांगितले असतील. अशा माणसाचा भाव वर्षातून दोनदा बाहेर फोन करून आपणच काढून ठेवायचा असतो. मी जून आणि डिसेंबरमध्ये दोन एजंटांना फोन करते आणि ‘मला डोसेवाला हवाय, काय पडेल?’ असं विचारते. जो आकडा येतो तो माझ्या माणसाला मिळतो आहे का, ते बघते.

ही सवय मला एका चुकीने लागली. २०२३ मध्ये आमचा डोसेवाला २२,००० वर होता, पाच वर्षं जुना. ऑगस्टमध्ये त्याने २,००० मागितले. ‘दिवाळीला बघू’ असं उत्तर गेलं, आणि ते मीच दिलं होतं. गणपतीच्या आधीच्या शनिवारी सकाळी तो आला नाही. पीठ आंबून भांड्याच्या वर आलं होतं, चटणीचा नारळ खवून पडलेला आणि तवा गार. शनिवार-रविवार डोसा बंद ठेवला. रोजचा नऊ हजारांचा डोसा, म्हणजे दोन दिवसांची १८,००० ची विक्री गेली. त्यातला मालाचा ३० टक्के खर्च काढला तरी १२,६०० बुडाले. मग नऊ दिवस रोजंदारीवर माणूस आणला १,२०० रुपयांनी, त्याचे नेहमीच्या पगाराहून ४,२०० जास्त गेले. फेकलेलं पीठ आणि नव्या हाताने बिघडवलेला माल तीन हजारांचा. एजंटाची दलाली ११,०००. बेरीज ३०,८००. त्या दोन दिवसांचा वाचलेला पगार दीड हजार वजा केला तरी २९,३०० राहतात. त्याने मागितलेली वाढ वर्षाची २४,००० होत होती.

आणि एजंटाने जो नवा माणूस पाठवला, तो किती मागत होता? २४,०००. जी रक्कम पाच वर्षं जुन्या माणसाला नाकारली तीच अनोळखी माणसाला दिली, वर २९,००० घालवले. हे मी वहीत लाल पेनाने लिहून ठेवलं आहे.

पगाराचं सगळ्यात मोठं दुखणं हेच आहे, जुन्या आणि नव्यातला फरक. पोरं एका रूमवर राहतात, तिथे काहीही लपत नाही. तीन वर्षांपूर्वी १३,००० वर आलेला हेल्पर वाढत वाढत १५,५०० ला पोचलेला असतो, आणि गरज पडली म्हणून तुम्ही नवा हेल्पर १७,००० वर घेता. त्याच रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या तो आकडा सांगितला जातो. दुसऱ्या दिवशी जुना माणूस काही बोलत नाही. तो दीड हजारासाठी जात नाही, आपल्या तीन वर्षांची किंमत उणे दीड हजार झाली हे त्याला लागतं. म्हणून आमचा नियम आहे: नव्याला ज्या दिवशी जास्त द्यावे लागले, त्याच दिवशी त्या जागेवरच्या जुन्यांचा पगार त्याच्या वर न्यायचा. परवडत नसेल तर नव्याला तितके द्यायचे नाहीत.

तारखेबद्दल थोडं. पगार १ तारखेला आला की १० तारखेला आला, याने मालकाला फारसा फरक पडत नाही. पोराला पडतो. बहुतेकांचा मोबाईल हप्त्यावर असतो आणि हप्ता ३ किंवा ५ तारखेला कापला जातो. आमच्या कँटीनच्या एका मुलाच्या खात्यातून दर महिन्याला ५९० रुपये हप्ता परत गेल्याचा दंड म्हणून जात होते, कारण कारखान्याकडून आमचं बिल निघायला उशीर व्हायचा आणि आम्ही पगार ९ तारखेला करायचो. वर्षाचे सात हजार झाले, माझ्या बेफिकिरीमुळे त्याच्या खिशातून गेलेले. आता पगार १ तारखेला दुपारी तीनच्या आत, बिल निघो न निघो. त्यासाठी एका महिन्याच्या पगाराइतकी रक्कम वेगळ्या खात्यात अडकवून ठेवावी लागते. ती जमवायला आम्हाला सव्वा वर्ष लागलं.

पंधरा दिवसांचा पगार दाबून ठेवायची जुनी पद्धत अनेक ठिकाणी अजून आहे. पैसे अडकले की माणूस पळणार नाही असा त्यामागचा विचार. प्रत्यक्षात तो पहिल्या दिवसापासून मनाशी ते पैसे सोडून देतो, आणि सोडताना न सांगता जातो, कारण सांगून काही मिळणार नसतं. तुम्हाला आठ दिवसांची सूचना हवी असेल तर शेवटचा पैसा चोख मिळतो याची त्याला खात्री हवी. आता कायदाही तेच सांगतो. २१ नोव्हेंबर २०२५ पासून वेतन संहिता लागू झाली आहे. तिच्यात महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत द्यायचा आहे, आणि राजीनामा दिलेल्याचा हिशेब दोन कामाच्या दिवसांत चुकता करायचा आहे. ठरलेल्या तासांवरच्या कामाला दुप्पट दर आहे. किमान वेतनातला विशेष भत्ता आपल्याकडे जानेवारी आणि जुलैत बदलत आला आहे, तो तुमच्या सल्लागाराला दर वेळी विचारत जा.

उचल मात्र बंद करू नका. पोराच्या घरी कुणी आजारी पडलं तर तो तुमच्याकडेच येणार. आम्ही तोवर कमावलेल्या दिवसांच्या निम्म्यापर्यंत उचल लगेच देतो, त्याच्या वर कारण ऐकून, आणि कापतो तीन महिन्यांत. पाच-सहा हजार बुडवून गेलेले लोकही आहेत माझ्या वहीत. पण गरजेला पैसे मिळाले म्हणून थांबलेल्यांची संख्या त्यांच्या कितीतरी पट आहे.

आता तुम्ही विचाराल की एवढे पैसे आणायचे कुठून. रेस्टॉरंटला ५ टक्के जीएसटीत भाड्यावरच्या कराचं क्रेडिट (वजावट) मिळत नाही, डिलिव्हरी अ‍ॅप त्यांचा वाटा कापून देतात, गॅस आणि तेल कुणाच्या हातात नाही. हे सगळं खरं आहे. म्हणून पैसे बाहेर शोधू नका, त्याच रकमेत शोधा. तुमचा सरासरी पगार १५,००० असेल तर १४ जणांचे २,१०,००० होतात. तीच रक्कम १२ जणांत वाटली तर प्रत्येकी १७,५०० येतात. शिवाय दोन माणसांचं राहणं-जेवण वाचतं.

पण आधी काम कमी करायचं, मग माणसं. उलट केलंत तर उरलेले बाराही जातील. आम्ही १३२ पदार्थांचं मेन्यूकार्ड ७८ वर आणलं. महिन्यातून चार वेळा मागितल्या जाणाऱ्या पदार्थासाठी रोज ग्रेव्ही लावली जात होती. सोललेला लसूण विकत घ्यायला लागलो. दुपारी साडेतीन ते साडेसहा शटर पूर्ण बंद, चहासुद्धा नाही, आणि त्या वेळात कुणी कुणाला हाक मारायची नाही. आठवड्याची सुट्टी पगारी केली. कुणालाही काढलं नाही. दोन जण आपसूक गेले, त्या जागा भरल्या नाहीत. विक्री पहिले दोन महिने थोडी उतरली, तिसऱ्यात जागेवर आली. पगार, राहणं आणि जेवण मिळून खर्च विक्रीच्या २५ टक्क्यांच्या आत राहतो का, एवढं मी दर महिन्याला बघते. तो वर गेला तर माझा मेन्यू किंवा माझ्या किमती चुकल्यात असं मी धरते.

जुना हिशेब आता चालणार नाही, हे आपल्या पिढीच्या मालकांनी मान्य करायला हवं. तो हिशेब स्वस्त पोरांवर उभा होता. १० ऑक्टोबर २००६ पासून १४ वर्षांखालच्या मुलांना हॉटेलात आणि ढाब्यावर कामाला ठेवायला बंदी आली, आणि ती फार आधी यायला हवी होती. २०२० च्या टाळेबंदीत गावी चालत गेलेल्यांपैकी अनेकांनी तिकडे दुसरं काम धरलं, ते परत आलेच नाहीत. मुंबईतल्या जुन्या उडुपी हॉटेलांत पगार काही फार नसायचा, तरी माणसं टिकायची. कारण मालक गावाकडचा, राहायला जागा, दिवसा काम आणि रात्री कन्नड रात्रशाळा, आणि पुढे आपलंही हॉटेल निघू शकतं ही आशा खरी होताना डोळ्यांसमोर दिसायची. म्हणजे पगाराच्या जोडीला पुढची पायरी मिळत होती. आज आपण ना पगार देतो ना पायरी, आणि पोरं टिकत नाहीत म्हणतो.

पायरी कागदावर लिहून भिंतीवर लावता येते. आमच्याकडे हेल्परला तीन महिन्यांनी १,००० वाढतात, वर्षाने १,५००, आणि दुसऱ्या सेक्शनचं काम शिकला की आणखी १,५००. हे रुजू होताना त्याला वाचून दाखवतो. मागायला यावं लागत नाही. पहिली वाढ तीन महिन्यांवर ठेवली, कारण जाणारे बहुतेक त्याच्या आतच जातात. एकदा ती पहिली हजाराची वाढ खात्यात पडली की पोरगा रूमवर स्वतःची कडी-कुलपाची पेटी आणतो. पेटी आली की माझा जीव भांड्यात पडतो.

तुमच्या स्टाफचा ईएसआयसीचा, म्हणजे कर्मचारी राज्य विम्याचा, विषयही बघून घ्या. दहा किंवा जास्त माणसं असली की तो लागू होतो. पगाराच्या ३.२५ टक्के तुम्ही भरायचे, त्याचे ०.७५ टक्के कापायचे. २१,००० पर्यंत पगार असलेल्यांना, त्यांच्या बायकामुलांना आणि अवलंबून असलेल्या आईवडिलांना उपचार मिळतात. आमच्या एका हेल्परच्या आईचं ऑपरेशन त्यातून झालं, तो आज अकरा वर्षं आहे. इथे एक खाच आहे: २०,५०० वाल्याला २२,००० केलं की तो त्यातून बाहेर पडतो. त्याला आधी विचारा, आणि वाढ देणार असाल तर त्याच्यासाठी वेगळा आरोग्य विमा काढा. ग्रॅच्युइटीही, म्हणजे नोकरी सोडताना मिळणारी रक्कम, दहा माणसांपासून लागू आहे. त्यासाठी धरलं जाणारं वेतन १५,००० असेल तर पाच वर्षांचे सुमारे ४३,००० रुपये होतात. हे बहुतेक पोरांना माहीतच नसतं. आम्ही चौथं वर्ष लागलं की आकडा काढून हातात देतो.

पगाराने झाकली जात नाही अशी एक गोष्ट म्हणजे शिवी. सुरुवातीला कागदावर ‘कुणाच्या हाताखाली’ लिहा म्हटलं ते यासाठी. आमच्याकडे एका वस्तादाच्या हाताखालून चार महिन्यांत पाच हेल्पर गेले होते. वस्तादाच्या हाताला चव होती आणि तोंडाला लगाम नव्हता, आईवरून बोलायचा. दोनदा समजावलं, तिसऱ्यांदा हिशेब केला. त्याच्या जागी आलेल्याची भाजी पहिले काही दिवस तितकी जमली नाही, पण त्या सेक्शनमधून पुढच्या वर्षभरात एकच जण गेला, तोही लग्न होऊन गावी.

उलट बाजूही सांगते. आमच्या भाकरीच्या चुलीवर तीन मावशी आहेत, सगळ्यात जुनी तेरा वर्षं. त्यांना शेजारच्या हॉटेलातून जास्त पैशांची बोलावणी आली आहेत. त्या गेल्या नाहीत, कारण इथे दहा ते चार म्हणजे चारच, आणि १ तारखेला पगार, २ तारखेला त्यांची भिशी.

तुमच्या दिवाळीच्या वाढीबद्दल. दिवाळी हा आपल्या धंद्यात सोडून जाण्याचा मुहूर्त असतो. जाणाऱ्याने दसऱ्यालाच ठरवलेलं असतं, तो बक्षिसी घेऊन जातो. बिहारकडचे छठसाठी जातात आणि त्यातले काही तिकडूनच दुसरीकडे लागतात. त्या वेळी दिलेली वाढ त्यांच्यापर्यंत पोचतच नाही. बोनस दिवाळीला द्या, वाढ ज्याच्या त्याच्या रुजू झाल्याच्या तारखेला. आणि गावी जाणाऱ्याचा पूर्ण हिशेब गाडी सुटायच्या आदल्या दिवशी चुकता करून, परत आल्यावर येण्याचं तिकीट आम्ही देऊ असं सांगा. गेल्या मे महिन्यात आमचे सात जण गेले होते. सहा आले. सातव्याने फोन करून येत नाही म्हणून कळवलं आणि स्वतःच्या धाकट्या भावाला पाठवलं.

सरसकट २,००० चंही तसंच. ते १२,००० वाल्याला भरपूर होतात आणि २४,००० वाल्याला त्याच्या बाजारात काहीच नसतात. तुमच्याकडे महिन्याला २८,००० वाटायची तयारी होती. त्यातले १०,००० टिपची पोकळी भरायला वेटरकडे जायला हवे होते. पाच-सहा हजार दोन मुख्य कारागिरांकडे, एजंटाला फोन करून भाव काढल्यावर. जुन्यांना नव्यांच्या वर न्यायला सहा-सात हजार. उरलेले मोरीला. पण सुरुवात तिथूनच करा. तुमच्याकडे आता नवा मोरीवाला आला असेल. आज रात्री गर्दी ओसरल्यावर मागे जा आणि त्याचे हात बघा.